गिरमिटियांचे गोखले
रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले नेमस्त पुढारी म्हणून स्मरणात राहिले. गिरमिटिया मजुरांसाठी त्यांनी दिलेला लढा मात्र विस्मृतीत गेला. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या ऊसमळ्यांत गेलेल्यांना काम सोडणे गुन्हा होता. मुदतीनंतर नवा करार न करता तिथेच राहणाऱ्यांवर वर्षाला तीन पौंड कर. १९१० मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव आणून नाताळची मजूरभरती रोखण्यास सरकारला भाग पाडले. १९१२ चा सर्व वसाहतींसाठीचा ठराव सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षी, मधुमेहाने खंगलेल्या अवस्थेत, ते आफ्रिकेत गेले. कर १९१४ मध्ये रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भरती थांबली ती १९१७ मध्ये.