कॉलेजातून सैन्यात गेलेले जनरल अरुणकुमार वैद्य



२६ जानेवारीच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हांला आपल्या जिल्ह्यातील एका थोर माणसाची माहिती लिहून आणायला सांगितली. चौघांनी विनोबा भावे घेतले, कारण ते पेण तालुक्यातील गागोदे गावचे. तिघांनी रोह्याचे चिंतामणराव देशमुख घेतले. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. मला मात्र सैनिक पाहिजे होता. कारण माझा दादा रोह्याला कॉलेजात आहे आणि तिथे तो एन.सी.सी.त आहे.

माझा मामा मुंबईला गोरेगावात कामाला आहे. तो म्हणाला की तिथे एका मोठ्या रस्त्याला जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग असं नाव आहे आणि ते जनरल आपल्या अलिबागचे. मला खरंच वाटेना. मग गुरुजींनी मला त्यांची सगळी माहिती सांगितली. तीच मी इथे लिहिते.

अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबाग येथे झाला. म्हणजे झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस येतो! पेणहून एस.टी.त बसलं की वडखळ, पोयनाडवरून आपण अलिबागला जातो, तेच हे अलिबाग. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा जिल्हा होते. रायगड हे नाव १९८१ साली पडले. आणि तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते.

मोठेपणी अरुणकुमार कॉलेजात गेले. आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि मग सुरतेच्या कॉलेजात ते शिकले. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. कॉलेजच्या मुलांना अधिकारी होण्याचे शिक्षण देणारी एक पलटण तेव्हा होती. तिला यू.ओ.टी.सी. म्हणत. आताची एन.सी.सी. १९४८ साली सुरू झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट. १९४४ साली अरुणकुमार त्या पलटणीत भरती झाले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, म्हणजे माझ्या दादाएवढेच.

पुस्तकही हातात आणि बंदूकही हातात, असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी परेडमध्ये आळस केला नाही. त्यांचे शिक्षण इतके चांगले झाले की सैन्यात अधिकारी होण्यासाठी त्यांची निवड झाली. मग बेळगावला आणि नंतर अहमदनगरला (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) त्यांचे पुढचे शिक्षण झाले. नगरला रणगाड्यांचे काम शिकवतात. जानेवारी १९४५ मध्ये ते अधिकारी झाले. एकोणिसावा वाढदिवस यायला अजून सात दिवस होते.

त्यांच्या पलटणीचे नाव डेक्कन हॉर्स. हॉर्स म्हणजे घोडा. मी गुरुजींना विचारलं, रणगाड्याच्या पलटणीला घोड्याचं नाव कसं? गुरुजी म्हणाले की पूर्वी या पलटणीत घोडेस्वारच होते. नंतर घोडे गेले, रणगाडे आले, पण नाव तेच राहिले. या पलटणीबरोबर तरुण वैद्य ब्रह्मदेशात लढाईला गेले.

पुढे १९४७ साली देश स्वतंत्र झाला. वैद्य सैन्यातच राहिले आणि पायरी पायरीने वर चढत गेले.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. तेव्हा वैद्य लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्स पलटण त्यांच्याच हाताखाली होती. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव आहे. तिथे सप्टेंबर महिन्यात मोठी लढाई झाली. पाकिस्तानकडे अमेरिकेचे नवे पॅटन रणगाडे होते. वैद्यांच्या पलटणीचे शेरमन रणगाडे जुने होते. पण आपल्या सैन्याने युक्ती केली. घोड्याच्या नालेसारखी रांग धरून आपले रणगाडे उसाच्या शेतात लपवून ठेवले आणि शेतांत पाणी सोडलं. शत्रूचे जड रणगाडे आत आले ते चिखलातच रुतले. आपली नांगरणी चालू असताना ट्रॅक्टर रुततो ना, तसेच. त्या लढाईत शत्रूचे नव्वदच्या वर रणगाडे मोडले किंवा आपल्या हाती लागले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले. परमवीरचक्राच्या खालोखाल हेच मोठे पदक आहे.

१९७१ साली पुन्हा युद्ध झाले. आता वैद्य ब्रिगेडियर होते. म्हणजे एक नाही, तर अनेक पलटणी त्यांच्या हाताखाली होत्या. शकरगड भागात बसंतर नावाची नदी आहे. तिथे शत्रूने जमिनीत सुरुंग पुरून ठेवले होते. त्यावर रणगाडा गेला की तो फुटतो. सुरुंग पुरते काढून व्हायच्या आधीच आपले रणगाडे त्यातून पुढे गेले. वैद्य स्वतः पुढे राहून सर्वांना नेत होते. त्यांच्याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स पलटण होती आणि तिच्यात अरुण खेत्रपाल नावाचे २१ वर्षांचे अधिकारी होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी शत्रूचे रणगाडे फोडले, पण स्वतः पेटलेला रणगाडा सोडला नाही आणि ते शहीद झाले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. दोघांचेही नाव अरुणच. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. असा मान फार थोड्या जणांना मिळाला आहे.

१९८३ साली जनरल वैद्य सगळ्या भूदलाचे प्रमुख झाले. कॉलेजात परेड करणारा अलिबागचा मुलगा देशाचा सेनापती झाला! १९८४ च्या जून महिन्यात अमृतसरच्या सुवर्णमंदिरात हत्यारबंद लोक शिरून बसले होते. सरकारने सैन्याला आत जायला सांगितले. तेव्हा वैद्य लष्करप्रमुख होते. त्या कारवाईत खूप जवान गेले, आत आलेले यात्रेकरूही गेले. ती सगळ्या देशाला दुःखाची गोष्ट झाली.

३१ जानेवारी १९८६ रोजी ते निवृत्त झाले आणि पुण्याला राहायला गेले. सहा महिने झाले असतील. १० ऑगस्ट १९८६ रोजी बाजारातून घरी येताना ते स्वतःच गाडी चालवत होते. त्यांची पत्नी शेजारी बसली होती. दुचाकीवरून आलेल्या अतिरेक्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जनरल वैद्य जागीच गेले. त्यांच्या पत्नीही जखमी झाल्या. ते साठ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

ब्रह्मदेशात वाचले, दोन मोठ्या युद्धांत वाचले, आणि आपल्याच घरी जाताना गेले. हे ऐकून मला रडूच आलं. मी गुरुजींना विचारलं की हे शेवटचं लिहू की नको? कारण आमची आई हे वाचेल. गुरुजी म्हणाले की चरित्र लिहायचं तर पूर्ण लिहावं. आणि त्यांनी हेही सांगितलं की कोणा एका धर्माचा राग धरायचा नाही, वैद्यांच्या सैन्यात कितीतरी शीख जवान देशासाठी लढले.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. दादा पहाटे उठून धावतो. रविवारी परेड असली की पहिल्या एस.टी.ने जातो. पण औंदा दहा दिवसांचा कॅम्प नेमका भात झोडणीच्या वेळी आला. बाबा एकटेच खळ्यावर होते. ते रागावले. ते म्हणाले की अशाने कॉलेजही धड होणार नाही आणि शेतही. त्यापेक्षा धाटावला कंपनीत कामाला लाग. आई तर सैन्याचं नाव काढलं की गप्पच होते. दादाने बूट माळ्यावर ठेवून दिले आहेत.

गुरुजींनी मला सांगितलं की आताही कॉलेज करता करता अधिकारी होण्याची तयारी करता येते. एन.सी.सी.चे सी प्रमाणपत्र मिळाले आणि पदवीला चांगले मार्क पडले, तर लेखी परीक्षा न देता सरळ मुलाखतीला बोलावतात. ती पाच दिवस चालते. निवड झाली की चेन्नईला शिक्षण होते. म्हणजे कॉलेज सोडायचं नसतं, ते नीट पुरं करायचं असतं. आणि २०२२ सालापासून पुण्याजवळ खडकवासल्याच्या एन.डी.ए.त मुलींनाही घेतात. हे मी अजून घरी सांगितलेलं नाही.

बाबा, तुम्ही झेंड्याला याल तेव्हा हे वाचाल. पुढच्या वर्षी झोडणीला मी आणि आई तुमच्याबरोबर खळ्यावर येऊ. पेंढे बांधायला मी शिकले आहे. पण दादाला त्याचे बूट माळ्यावरून काढू द्या. आई, तू घाबरतेस ते मला कळतं. वैद्यांच्या आईलाही भीती वाटली असेल. तरी त्यांनी मुलाला जाऊ दिलं.

अशा या आपल्या जिल्ह्याच्या वीर सेनापतीला माझे शतशः प्रणाम. जय हिंद!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी