मलिक अंबर आणि जमिनीचा उतार

गंगापूर तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरकडेच्या गावांतून दक्षिणेला गोदावरीकडे चालत निघावे, तर पायांखालची जमीन बदलत जाते. आधी मुरमाड माळ, मग हलकी शेते, पुढे शिवना नदीच्या आसपासची बरी जमीन आणि कायगावच्या बाजूला गोदेकाठची खोल काळी. ही सारी करामत उताराची आहे. पावसाचे पाणी वरची माती धुऊन खाली नेते; वर खडक उघडा पडतो, खाली काळी साचत जाते. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. राज्यकर्त्यांना ते उमजल्याची उदाहरणे मात्र थोडी. त्यांतील एक ठळक उदाहरण याच मुलखातले, मलिक अंबर याचे.

1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. बालवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अनेक हात बदलत बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे आला. तेथे त्याला शिक्षण मिळाले आणि अंबर हे नावही. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम होता. राज्यकारभाराचे धडे अंबराने त्याच्याच पदरी घेतले असणार. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिला, मलिक ही पदवी मिळवून परतला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला तेव्हा निजामशाही संपली असेच बहुतेकांना वाटले. अंबराने परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि जवळजवळ पाव शतक ते राज्य आपल्या खांद्यावर तोलून धरले.

हे तोलणे निव्वळ तलवारीच्या जोरावर शक्य नव्हते. घोडदळाला रोख पैसा लागतो, आणि दुष्काळी, लढायांनी तुडवलेल्या मुलखात तो यायचा कोठून? तोपर्यंत वसुली मक्त्याने देण्याची रूढी होती. मक्तेदार एकदा बोली लावी आणि मग माळावरच्या कुणब्यालाही काळीवरच्या कुणब्याच्याच मापाने पिळून घेई. माळ ओसाड पडत, कुणबी परागंदा होत, आणि पुढच्या साली सरकारचे उत्पन्न आणखी घटे. अंबराने मक्त्याची पद्धत मोडली. बागायत आणि जिरायत, भारी आणि हलकी असे जमिनीचे प्रकार पाडून आकारणी ठरवली आणि गावच्या पाटलाला वसुलीसाठी जबाबदार धरले. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवल्याप्रमाणे सरकारचा हिस्सा आधी धान्यात दोन पंचमांश होता. काही सालांचे पीक पाहिल्यावर तो सुमारे एक तृतीयांशाच्या रोख रकमेत बदलला गेला. प्रत्यक्ष मोजणी कोठे व किती झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तत्त्व मात्र स्पष्ट आहे: उतार हा शब्द न उच्चारताही ही आकारणी उताराचाच हिशेब करत होती. मलिकंबरी हा शब्द नंतरच्या मराठी राजवटीच्या कागदांतही टिकून राहिला, तो उगाच नव्हे.

अंबराच्या माणसांना जे पायी हिंडून आणि गावकऱ्यांना विचारून कळले, त्यातले बरेचसे आज आकाशातून दिसते. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने 11 दिवसांच्या उड्डाणात रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक भूभागाची उंची टिपली. 2005 साली सुटलेल्या भारताच्या कार्टोसॅट-1 उपग्रहाने दोन कॅमेऱ्यांनी दोन कोनांतून चित्रे घेऊन तेच काम आपल्या देशापुरते केले. त्यातून जमिनीचे सुमारे 30 मीटर बाजूचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा मिळतो. संगणक शेजारच्या आकड्यांतील फरकावरून उतार काढतो. पाणी कोणत्या चौकोनातून कोणत्या चौकोनात जाईल ते ठरवतो. आणि त्यावरून ओढे, पाणलोटाच्या सीमा, पठाराचा माथा, पायथा, नदीकाठची सपाटी असे भूरूपांचे नकाशे तयार होतात. हे नकाशे पुष्कळसे विनामूल्य मिळतात. महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा गंगापूरचा नकाशा एका दुपारी काढू शकेल.

या नकाशांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. असा एक चौकोन म्हणजे जवळपास नऊ गुंठे. त्यातला बांध त्यात हरवतो, आणि उंचीच्या आकड्यात काही मीटरांची चूक सहज असू शकते. अंबराने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणले ते केवळ अशा नकाशावर विसंबून आणता आले नसते.

1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली आणि त्या दशकातच नहर-ए-अंबरीचे काम झाले. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या वरच्या अंगाला, डोंगरपायथ्याच्या भूगर्भात मुरलेले पाणी बोगद्याने गोळा करायचे आणि कोणत्याही उपशाविना, निव्वळ उताराच्या बळावर गावात आणायचे, अशी ही योजना. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा कुरतडते, कमी झाला तर गाळ बसतो. देखभालीसाठी वाटेत विहिरींसारखी तोंडे ठेवलेली होती. शहरात खापरी नळ आणि उभे जलस्तंभ होते. स्तंभात पाणी वर चढे, कोंडलेली हवा निघून जाई आणि पाणी पुढच्या वस्तीकडे उतरे. दरम्यान 1616 साली रोशनगावच्या लढाईत अंबराचा पराभव होऊन मोगलांनी खडकी लुटली. शहर पुन्हा उभे राहिले.

उताराचे न्याय मात्र सगळ्यांना सारखे नसतात. पैठणला 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाची पूर्ण पातळी 1,522 फूट. या एका समोच्चरेषेने गंगापूर तालुक्यातल्या कुणाची शेते नाथसागरात जाणार आणि कुणाची काठावर राहणार, हे ठरवून टाकले. कालवे धरणापासून निघाले ते खाली, पूर्वेकडे. वरच्या अंगाला राहिलेल्या गंगापूरकराला डोळ्यांसमोरचे ते पाणी हवे तर उपसूनच घ्यावे लागते, आणि उपशाला विजेचे बिल येते. तरीही दुष्काळ जाहीर करताना तालुका हा एकक धरण्याचीच आपली सवय आहे. माथ्यावरचे गाव आणि नदीकाठचे गाव एकाच सरासरीत बसवायचे, ही मक्तेदाराची दृष्टी झाली. सतराव्या शतकात ती मोडता येत होती. आज गावागणिक उतार दाखवणारे नकाशे हाती असताना ती का मोडू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

अंबराने उताराचा उपयोग रणातही केला. 1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन अहमदनगरजवळ भातवडीला उतरल्या. पावसाळ्याचे दिवस होते. अंबराने वरच्या तळ्याचा बांध फोडला. सखलात तळ दिलेल्या शत्रूच्या घोड्यांचे आणि तोफांचे पाय चिखलात रुतले, रसद तुटली, आणि ऐंशीकडे झुकलेल्या या वजिराने दोन सत्तांचा एकाच वेळी पराभव केला. शहाजी राजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

दोन वर्षांनी, 1626 मध्ये, अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याला राज्य सांभाळता आले नाही. 1633 साली दौलताबाद पडले, 1636 मध्ये निजामशाहीच संपली. खडकीचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद. त्या शहरातून दख्खनचा कारभार पाहणाऱ्या मोगलांना काही वर्षांतच ओसाड गावे आणि घटलेला वसूल यांना तोंड द्यावे लागले, आणि दिवाण मुर्शिदकुलीखानाने जमिनीची प्रत पाहून आकारणी करण्याचे काम पुन्हा नव्याने हाती घेतले. नहर मात्र नव्याने खणावी लागली नाही. ज्यांच्याशी अंबर आयुष्यभर झुंजला, त्या मोगलांच्या राजधानीला तिने पाणी पुरवले.