पंडितांच्या सूनबाई

विजयालक्ष्मीबाई पंडित म्हटले की पुष्कळ भगिनींना नेहरूंची बहीण एवढेच आठवते. त्या मूळच्या कोकणातल्या एका मराठी घराण्याच्या सूनही होत्या. 1900 साली अलाहाबादेस जन्मलेल्या या स्वरूपकुमारीचा 1921 मध्ये बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित यांच्याशी विवाह झाला आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे सासरी नाव बदलले. रणजितराव संस्कृतचे गाढे व्यासंगी. राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर त्यांचेच. दोघांनीही तुरुंग भोगला. तुरुंगात खंगलेले रणजितराव जानेवारी 1944 मध्ये गेले. पदरी तीन मुली, मुलगा नाही, म्हणून सासरच्या इस्टेटीत बाईंना वाटा मिळाला नाही. हे दुःख आपल्या मंडळात कोणाला समजावून सांगायला नको.

पुढे दोनच वर्षांनी, 1946 मध्ये, त्या भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात गेल्या. हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले होते. परंतु एखाद्या सरकारने आपल्याच प्रजेतील एक जमात निपटून काढली तर त्याला जाब विचारणारा कायदा जगात नव्हता. राफाएल लेमकिन हे पोलंडचे कायदेपंडित त्यासाठी जो भेटेल त्याला गळ घालीत होते. त्यांचे स्वतःचे आप्त त्या कत्तलीत गेलेले. अखेर क्यूबा, पनामा आणि भारत या तिघांनी प्रश्न मांडला व 11 डिसेंबर 1946 रोजी आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरविला. आपला देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता! 9 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसला करार संमत झाला. शिक्षा करणे एवढेच नव्हे, तर असा संहार होण्याआधी रोखणे हेही सरकारांचे कर्तव्य ठरले.

नेमक्या त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरत होती. आपली आष्टीही त्याच संस्थानातली. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार आपण आजीच्या तोंडून ऐकले आहेत. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागांत मुसलमानांची कत्तल झाली, ती मात्र कुजबुजीतच राहिली. संस्थानभरच्या मृतांचा अंदाज समितीने 27 ते 40 हजार दिला. सरकारने अहवाल बासनात बांधला. लोकांना तो पाहावयास मिळाला 2013 च्या सुमारास.

बाई 1953 मध्ये आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, 1962 ते 1964 महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. 1977 च्या निवडणुकीत त्यांनी आणीबाणी लादणाऱ्या सख्ख्या भाचीविरुद्ध प्रचार केला. 1990 मध्ये डेहराडूनला त्या वारल्या.

त्या करारावर भारताने 1959 मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याला अनुसरून देशात स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. 1984 च्या शीख हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही उणीव बोलून दाखविली.