केतकरांचा बाविसावा खंड

पानशेतच्या पुराचे पाणी १२ जुलै १९६१ रोजी शनिवार पेठेतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा आजोबांनी वर्गणीदार होऊन घेतलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे काही खंड त्यात गेले. उरलेले परवा माळ्यावरून काढले. मदतीला भाचा होता. संगणकातले माहितीसाठे हा त्याचा धंदा. त्याने विचारले, मामा, यात शोधायचे कसे?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी याचाच विचार करण्यात उमेदीची वर्षे घातली. जन्म १८८४ चा, रायपूरचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९११ साली डॉक्टरेट. जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ त्याआधीच, १९०९ मध्ये. एवढ्यावर एखादा सुखाची नोकरी धरून बसला असता. यांना मराठीत ज्ञानकोश हवा होता! नागपुरात लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले, मग कार्यालय पुण्याला आणले. जर्मन ज्यू घराण्यातल्या ईडिथ कोहन लग्नानंतर शीलवतीबाई झाल्या. १९२० ते १९२७ या काळात २३ खंड निघाले.

मला रस आहे तो त्यांच्या मांडणीत. पहिले पाच प्रस्तावनाखंड: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. इथे एक विषय दुसऱ्याचे बोट धरून येतो. सहाव्यापासून मात्र अकारविल्हे नोंदी, सुट्या सुट्या. आणि बाविसावा सूचीखंड.

भाचा हसला. त्यांच्याकडेही हेच दोन पंथ! १९७० साली एडगर कॉड यांनी सगळी माहिती तक्त्यांत मांडायची रीत सांगितली. काय हवे तेवढे सांगायचे, कुठून आणायचे ते यंत्र पाहील. दोन तक्ते सामाईक रकान्यावरून जुळतात. दुसऱ्या पंथात प्रत्येक वस्तू आपल्या नातलगांचा पत्ता जवळच बाळगते. प्रश्नही नात्यानात्याने पुढे जातो: या ग्रंथाचा लेखक, त्या लेखकाचे गाव. १९९३ साली या पंथाची प्रमाण प्रश्नभाषा आली, पण तिनेही वाक्याचे वळण तक्तेवाल्यांच्या एसक्यूएलकडूनच घेतले. बाजारात तक्तेवालेच वरचढ ठरले, कारण आधी न ठरवलेला प्रश्नही तक्त्यांना विचारता येतो.

आमच्या केतकरांनी दोन्ही मांडण्या एकाच कोशात ठेवल्या. (तुलना फार ताणू नये, सूची जुळवाजुळव करत नाही, ती फक्त पान दाखवते. पुढचे वाचणाऱ्याने करायचे.) तरी मला वाटते, काय विचारावे हे कळायला पहिले पाच खंड लागतात आणि विचारलेले सापडायला बाविसावा. प्रस्तावनाखंडांतले पुष्कळ विवेचन आता जुने झाले आहे, सूची मात्र अजून कामाची आहे.

१९३१ साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, कादंबऱ्याही लिहिल्या; पण शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यातच ते वारले.

आमच्या संचातला बाविसावा खंड पुरातच गेला होता. पुढच्या रविवारी भाचा अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून आला. खंड मिळाला, पाठपुठ्ठा नसलेला. खळ करून ठेवली आहे; आज बांधायला बसणार आहोत.