यंत्रपुतळ्यांचा शिल्पकार पिएर झाके-द्रो

स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वताच्या कुशींत ला शो-द-फाँ नांवाचें गांव आहे. पूर्वी त्या प्रांतांत हिवाळ्याच्या बर्फानें शेतीचीं कामें अडलीं कीं कित्येक शेतकरी घरीं बसून घड्याळाचे भाग घडवीत. याच गांवीं इ. स. १७२१ सालीं पिएर झाके-द्रो याचा जन्म झाला.

घड्याळें करण्यांत त्यानें लवकरच नांव मिळविलें, परंतु इ. स. १७५५ सालीं त्याची पत्नी व लहान मुलगी निवर्तली. त्यानें पुन्हा विवाह केला नाहीं. लहानगा हेन्री-लुई आणि हातांतील विद्या एवढाच त्यास आधार उरला.

इ. स. १७५८ मध्यें त्यानें आपलीं निवडक घड्याळें घेऊन माद्रिदची वाट धरली. इतकीं नाजूक यंत्रें खडबडीत रस्त्यांनीं नेणें म्हणजे सर्वस्वच पणास लावणें होय. पण स्पेनच्या राजदरबारीं तीं विकलीं गेलीं, व त्या द्रव्यामुळें त्यास मनाजोगें काम करण्यास मोकळीक मिळाली.

इ. स. १७६८ ते १७७४ या काळांत पुत्र हेन्री-लुई व सहकारी लेशो यांच्या साह्यानें त्यानें लेखक, चित्रकार व वादिका असे तीन यंत्रपुतळे सिद्ध केले. लेखकाच्या अंगांत सुमारें ६,००० भाग आहेत. उंचसखल कांठांच्या चकत्या त्याचा हात तिन्ही दिशांनीं हालवितात. एका चक्रावरील खुंट्या बदलल्या कीं ४० अक्षरांपर्यंतचा वाटेल तो मजकूर तो लिहितो. टांक शाईंत बुडवितो, झटकतो, आणि त्याची दृष्टि लेखणीमागें फिरते! यांत आजच्या संगणकाचें बीज दिसल्यास नवल नाहीं.

इ. स. १७९० मध्यें पिएर व पुढील वर्षीं हेन्री-लुई वारला. पुतळे मात्र देशोदेशीं फिरून इ. स. १९०९ पासून नशातेलच्या संग्रहालयांत विसावले आहेत, व आजही लिहितात, रेखाटतात, वाजवितात.

अशा यंत्रांचा जीर्णोद्धार करणारानें आपली चतुराई दाखवावयाची नसते; मूळ कर्त्याचा हेतु ओळखावयाचा असतो. चकतीचा कांठ केसभर अधिक घासला गेला, तर अक्षर कायमचें बिघडेल. म्हणून आम्हांस वाटतें कीं, निर्मात्याच्या बुद्धीइतकाच जतन करणाराचा संयमहि वंदनीय आहे. विद्यार्थिमित्रहो, घरांतील बंद पडलेलें जुनें घड्याळ टाकून देण्यापूर्वी आपण त्याच्या चाकांकडे एकदां आदरानें पाहूं या.