शिळा वाचणारे डॉक्टर भाऊ दाजी

प्रेषित पौलाने अथेनै नगरीत एका वेदीवरील लेख वाचला व त्यावरून आपल्या भाषणास आरंभ केला, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ग्रीक लोकांचे असे सहस्रावधी कोरीव लेख गेल्या शतकाच्या मागील शतकात जर्मनीतील बोएख नामक विद्वानाने एकत्र करून छापण्याचे काम आरंभिले. आपल्या देशातही असे लेख थोडे नाहीत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांचे दान देणाऱ्यांत यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणविणाऱ्यांची, नावे कोरलेली आहेत. परंतु ही अक्षरे वाचणारा पिढ्यान्‌पिढ्या कोणी उरला नव्हता. ज्यांनी ती पुन्हा बोलती केली त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांचा जन्म गोव्यातील मांद्रे गावी गरीब घरात झाला. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल. मुलगा बुद्धिबळात मोठा तरबेज. बाप त्यास घेऊन मुंबईस आला व एल्फिन्स्टनच्या शाळेत घातला. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, त्याच्या पहिल्या तुकडीत ते शिकले व १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. गरिबांस ते फुकट औषध देत. महारोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग त्यांनी केले. मुंबईचे शेरीफपद त्यांस १८६९ व १८७१ असे दोनदा मिळाले. असो, हे सर्व इतरत्र वाचावयास मिळते.

आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या नादाविषयी. जुन्या लेखांच्या पूर्वीच्या साहेब लोकांनी केलेल्या नकला पुष्कळ ठिकाणी चुकीच्या होत्या. एक काना राहिला की राजाचे नाव बदलते. एक आकडा चुकला की शंभर वर्षांचा फरक पडतो. तेव्हा चांगली नकल हाती असल्यावाचून अर्थ लावावयाचा नाही, असे डॉक्टरांनी ठरविले. दवाखाना सोडून सर्वत्र जाणे त्यांस शक्य नव्हते. म्हणून १८६१ च्या सुमारास जुनागडचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनी मुंबईस बोलाविले व स्वतःच्या खर्चाने गावोगाव पाठविले. डोंगरातील अंधाऱ्या लेण्यांत वटवाघळांच्या सोबतीने अक्षर अन्‌ अक्षर उतरून घ्यावयाचे, हे त्या पंडिताचे काम. जुनागडचा रुद्रदामन राजाचा लेख व अजिंठ्याचे लेख अशा रीतीने हाती येऊन डॉक्टरांनी ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याच्या लेखात अश्मक देशाच्या प्रधानाचा उल्लेख आहे. हा अश्मक देश विद्वान लोक आमच्या इस्लापुराहून दक्षिणेस, गोदावरीच्या खोऱ्यात ठेवतात. आपल्याच बाजूचे एक नाव इतकी शतके दगडात कोरलेले होते, हे आमच्या मंडळीतील मुलांस सांगितले तर त्यांस आनंदच वाटेल.

डॉक्टरांचे सर्व वाचन निर्दोष होते असे म्हणता येत नाही. अजिंठ्याच्या लेखांत पुढे ब्यूलर साहेब व स्वतः भगवानलाल यांनी दुरुस्त्या केल्या. सोळाव्या लेण्यातील वाकाटकांचा लेख मिराशी यांनी १९४१ साली पुन्हा संपादिला. शिवाय निबंध डॉक्टरांच्या नावे निघत, परंतु पाय व डोळे पंडिताचे झिजत. पंडितास इंग्रजी लिहिणे साधत नसे, हेही त्याचे एक कारण. तथापि एकाचा पैसा व दुसऱ्याचे कष्ट एकत्र आले नसते तर दोघांचेही काम झाले नसते, असे आमचे मत आहे.

१८६५ साली कापसाच्या व शेअरांच्या पेढ्या बुडाल्या व डॉक्टरांची कमाई गेली. तरीही शिळांवरील खर्च त्यांनी बंद केला नाही. पंडित नेपाळपर्यंत गेले. परंतु ते मुंबईस परतण्यापूर्वीच ३१ मे १८७४ रोजी डॉक्टर निवर्तले. पुष्कळसे जमविलेले त्यांच्या हातून छापावयाचे राहिले. नेपाळातील लेख पंडितांनी पुढे ब्यूलर साहेबांच्या साहाय्याने १८८० साली स्वतःच्या नावे प्रसिद्ध केले.