महापंडित राहुल सांकृत्यायन : पोथ्यांचा प्रवासी, कादंबऱ्यांचा शिल्पकार

धम्मसाहित्याची आवड असलेल्या मराठी घरांत ‘व्होल्गा ते गंगा’ हे पुस्तक पुष्कळदा आढळते. अनेकांनी ते विद्यार्थिदशेत वाचलेले असते. त्याच्या लेखकाचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मज्झिमनिकायाचा हिंदी अनुवाद करणारे भिक्खू, तिबेटातून दुर्मिळ पोथ्या आणणारे संशोधक, शेतकऱ्यांसाठी लाठी खाणारे कार्यकर्ते आणि दोनशे वर्षांनंतरच्या जगाची अद्भुत कथा रचणारे कादंबरीकार ही एकाच माणसाची रूपे आहेत, हे कळल्यावर आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

राहुलजींचा जन्म ९ एप्रिल १८९३ रोजी उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यात पंदहा या आजोळच्या गावी झाला. मूळ नाव केदारनाथ पांडे. घराणे ब्राह्मण शेतकऱ्याचे. वडिलांचे गाव कनैला. बालपण आजोबा रामशरण पाठक यांच्याजवळ गेले. आजोबांनी पलटणीत नोकरी केली होती आणि दक्षिणेकडचा मुलूख पाहिला होता. संध्याकाळी ते नातवाला त्या दूरच्या प्रदेशांच्या, शिकारीच्या, डोंगरदऱ्यांच्या गोष्टी सांगत. पुढे आयुष्यभर पायाला जी भिंगरी लागली, तिचे मूळ या गोष्टींत असावे. शाळेतील शिक्षण उर्दू मिडलपर्यंतच झाले. पुढे छत्तीस भाषांचे जाणकार म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांच्याजवळ विद्यापीठाची एकही पदवी नव्हती.

वयाच्या अकराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. हा विवाह त्यांनी कधीच मानला नाही. ते घरातून पळाले, कलकत्त्याला गेले, परत आणले गेले, पुन्हा पळाले. बिहारमधील परसा मठात ते वैष्णव साधू झाले. मठाची गादी मिळण्याचा संभव असतानाही त्यांचे मन तेथे रमले नाही. आर्यसमाजाच्या ओढीने त्यांनी आग्रा आणि लाहोर येथे अध्ययन केले. असहकाराच्या चळवळीत ते छपरा भागात काम करू लागले आणि त्यांना तुरुंगवास घडला.

त्यांच्यातील कथाकार तुरुंगातच घडला. १९२३ ते १९२५ या काळात ते हजारीबागच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी इंग्रजी साहसकथांच्या आधारे ‘जादू का मुल्क’, ‘सोने की ढाल’ यांसारख्या अद्भुत कादंबऱ्या हिंदीत उतरविल्या. हे लेखन त्यांच्या मोठेपणाचे नव्हे, पण त्यावर त्यांचा हात बसला. त्याच सुमारास सिद्ध झालेली ‘बाईसवीं सदी’ मात्र सर्वस्वी त्यांची स्वतःची. तिचा नायक विश्वबंधू गुहेत झोपी जातो आणि दोनशे वर्षांनी जागा होतो. त्याला दिसणाऱ्या जगात जमीनदार नाही, जात नाही, उपाशी कोणी नाही. गावे बागांनी भरलेली आहेत आणि प्रत्येक मूल शाळेत जाते. कादंबरी म्हणून ती थोडी बाळबोध आहे. पात्रे जगण्यापेक्षा माहितीच अधिक देतात. तरीही गजाआड बसलेल्या माणसाने १९२४ च्या हिंदुस्थानात जातीविना समाज केवळ कल्पनेत न ठेवता त्याचे रस्ते, जेवणघरे आणि विद्यालये यांच्यासह उभा केला, याचे मोल कमी नाही.

१९२७ साली ते लंकेला गेले. केलनियाच्या विद्यालंकार परिवेणात ते संस्कृत शिकवीत आणि स्वतः पाली शिकत. त्रिपिटकाच्या अध्ययनाने त्यांची दृष्टी पालटली. ईश्वरावरील श्रद्धा गळून पडली आणि बुद्धाचा बुद्धिवाद उरला. परंतु एक गोष्ट त्यांना सलत होती. नालंदा आणि विक्रमशिला येथील आचार्यांचे मूळ संस्कृत ग्रंथ भारतात नष्ट झाले होते. त्यांची केवळ तिबेटी भाषांतरे ज्ञात होती. कदाचित मूळ पोथ्या तिबेटच्या विहारांत अद्याप असतील, या आशेने ते १९२९ मध्ये नेपाळमार्गे वेषांतर करून निघाले. इंग्रज सरकारचा परवाना नाही, हाती पैसा नाही, अशा अवस्थेत त्यांनी ल्हासा गाठले. लंकेच्या विहाराने पाठविलेल्या द्रव्यातून ग्रंथ व चित्रपट खरेदी झाले आणि १९३० मध्ये बावीस खेचरांवर ते लादून ते परतले. त्याच वर्षी लंकेत त्यांनी प्रव्रज्या घेतली. बुद्धपुत्राचे नाव राहुल आणि स्वतःचे गोत्र सांकृत्य, यांतून राहुल सांकृत्यायन हे नाव सिद्ध झाले.

पुढे १९३४, १९३६ आणि १९३८ अशा आणखी तीन यात्रा त्यांनी केल्या. साक्य, ङोर, शलु येथील विहारांत त्यांना ताडपत्रावरील संस्कृत पोथ्या सापडल्या. आचार्य धर्मकीर्तींचा ‘प्रमाणवार्त्तिक’ हा बौद्ध न्यायाचा मुकुटमणी मूळ संस्कृतात पुन्हा जगापुढे आला, त्यामागे हे परिश्रम आहेत. पोथ्या देण्यास विहार राजी नसत, तेव्हा राहुलजी कडाक्याच्या थंडीत बसून हाताने नकला करीत किंवा छायाचित्रे घेत. हा ठेवा त्यांनी पाटण्याला दिला. तिबेटी चित्रपट आजही पाटणा संग्रहालयात आहेत. याच दशकात त्यांनी धम्मपद, मज्झिमनिकाय, विनयपिटक यांचे हिंदी अनुवाद केले आणि भिक्खू जगदीश काश्यप यांच्यासह दीघनिकाय हिंदीत आणला.

महाराष्ट्राशी या कार्याचा धागा भदंत आनंद कौसल्यायन यांच्यामुळे जुळतो. ते राहुलजींचे निकटचे सहकारी. १९३२ साली दोघे मिळून धम्मप्रचारासाठी लंडनला गेले होते. भदंतजींनी पुढे वर्ध्याला राष्ट्रभाषेचे काम केले, बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि उत्तरायुष्यात नागपूर ही कर्मभूमी मानली.

राहुलजी मात्र चीवरात फार काळ राहिले नाहीत. बौद्ध न्यायाचे थोर रशियन पंडित श्चेर्बात्स्की यांच्या निमंत्रणावरून १९३७ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. तेथे एलेना यांच्याशी त्यांचा सहवास जुळला, पुत्र इगोर जन्मला आणि भिक्खुजीवन संपले. ते भारतात परतले तेव्हा पत्नी व मूल मागे राहिले. पुढे १९४५ ते १९४७ या काळात ते लेनिनग्राडला प्राध्यापक होते, तेवढीच काय ती कुटुंबाची सोबत. बालपणी विवाह झालेली पत्नी तर कनैल्यातच आयुष्य कंठीत राहिली. पन्नाशीपूर्वी आझमगढच्या मातीवर पाय ठेवणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी पाळली आणि १९४३ मध्येच ते जन्मगावी गेले. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत या स्त्रियांनी भरली, हे चरित्रकाराने झाकून ठेवू नये.

१९३९ मध्ये बिहारमधील अमवारी येथे शेतकऱ्यांच्या सत्याग्रहात त्यांचे डोके फुटले आणि शिक्षाही त्यांनाच झाली. महायुद्धाच्या काळात ते पुन्हा स्थानबद्ध झाले, हजारीबाग आणि देवळी येथे. याच बंदिवासात ‘वोल्गा से गंगा’ आकाराला आली. वीस कथा, इसवी सनापूर्वी सहा हजार वर्षांपासून १९४२ पर्यंतचा काळ. पहिली ‘निशा’ व्होल्गाकाठच्या मातृसत्ताक टोळीची, ‘बंधुल मल्ल’मध्ये बुद्धकाळातील गणराज्ये, ‘प्रभा’मध्ये कवी अश्वघोष, आणि शेवटची ‘सुमेर’ पाटण्यातील एका अस्पृश्य तरुणाची. आठ हजार वर्षांच्या मालिकेचा शेवटचा नायक म्हणून त्यांनी राजा किंवा पुढारी निवडला नाही, ‘हरिजन’ या नावालाच प्रश्न विचारणारा शिकलेला मुलगा निवडला. या कथांतील आर्यांच्या स्थलांतराची मांडणी आज सर्वांना मान्य होईल असे नाही. काही ठिकाणी मार्क्सवादाचा पाठ कथेपेक्षा मोठ्याने ऐकू येतो. परंतु इतिहास हा राजांच्या सनावळीत नसून नांगर, चूल आणि गुलामांच्या बाजारात असतो, हे कथेतून इतक्या सोपेपणी सांगणारे दुसरे पुस्तक सहजी सापडत नाही.

‘सिंह सेनापति’ ही कादंबरी विनयपिटकातील वैशालीच्या लिच्छवी सेनापतीवर आहे. उत्खननात सापडलेल्या विटांवर कोरलेले हे आत्मचरित्र आहे, अशी गमतीची बतावणी लेखकाने केली आहे. ‘जय यौधेय’मध्ये गुप्त साम्राज्याशी झुंजणारे गणराज्य आहे, ‘मधुर स्वप्न’मध्ये इराणचा समतावादी मज्दक, तर ‘विस्मृत यात्री’मध्ये सहाव्या शतकात चीनपर्यंत पोहोचलेला भिक्खू नरेंद्रयश. ही निवड पाहिली की लेखकाचे मन कळते. सम्राटांपेक्षा गणसंघ त्यांना जवळचे, विजेत्यांपेक्षा विस्मृतीत गेलेले. आपल्या मते कादंबरीकार म्हणून त्यांची सर्वांत मोठी उणीव घाईची होती. शंभराहून अधिक ग्रंथ लिहिणाऱ्याला पुनर्लेखनास उसंत कोठून मिळणार?

डिसेंबर १९४७ मध्ये मुंबईत भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भाषेविषयीच्या त्यांच्या मतांमुळे कम्युनिस्ट पक्षाशी त्यांचे संबंध तुटले. १९५५ मध्ये ते पुन्हा पक्षात आले. दरम्यान कमलाजींशी विवाह करून ते मसुरीला राहिले व त्यांना दोन मुले झाली. ‘मध्य एशिया का इतिहास’ या ग्रंथास १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी विद्वत्ता असून पदवीअभावी भारतातील विद्यापीठात त्यांना स्थिर आसन मिळाले नाही. १९५९ मध्ये ते लंकेच्या विद्यालंकार विद्यापीठात अध्यापनास गेले, जेथे तीन दशकांपूर्वी ते पाली शिकले होते.

१९६१ च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला आणि स्मृती गेली. ज्यांनी अनेक शतकांचे स्मरण कागदावर आणले, त्यांना ओळखीची माणसेही ओळखता येईनात. मॉस्कोत उपचार झाले, गुण आला नाही. १९६३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, १४ एप्रिलला, दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले.